चुकून येणारी माणसे बंद न करणेबाबत

आमच्या इमारतीच्या खालच्या दाराची बेल एकतीस मार्चला नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाली, आणि रिकाम्या झालेल्या जागेसाठी दोन बेलना मुलाखतीला बोलावण्यात आलं.

बेलला अठ्ठावन्न पूर्ण झाली आहेत हे माझ्याशिवाय कोणाच्याच लक्षात आलं नसतं. मी मधुकर आवटी, पाच नंबरच्या फ्लॅटमध्ये राहतो. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढली, आणि आता या सोसायटीचा सचिव आहे. बेलचं सेवापुस्तक मी स्वतः लिहीत आलो. निरोप समारंभ जिन्याखाली झाला. शाल घातल्यावर बेल दिसेनाशी झाली, त्यामुळे सत्काराला उत्तर तिनं शालीच्या आतूनच दिलं. "मी माझ्या परीनं वाजले. कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यापासून घरघरीत होता. मुलाखती होईपर्यंत प्रभारी म्हणून तीच वाजत राहिली.

कमीजास्त झालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आमची बेल आठ बटणांची होती, आठ फ्लॅटना आठ. तीस वर्षांपूर्वी दाराला ऑइलपेंट लावताना रंगाऱ्यानं दारासोबत बेलवरची नावंही रंगवली आणि बटणंही. सात बटणं रंगात घट्ट बसली. एक नंबरचं तेवढं वाचलं, कारण त्या वेळी एक नंबरचे मगदूमअण्णा रंगाऱ्याशी गप्पा मारत उभे होते आणि त्यांचा अंगठा नेमका त्या बटणावर टेकलेला होता. आतून त्यांच्या पत्नीनं तीनदा दार उघडून पाहिलं म्हणतात. बटणं खरवडण्याचा ठराव दोन वर्षांनी एकमतानं मंजूर झाला. अंमलबजावणी अजून प्रलंबित आहे.

तेव्हापासून इमारतीत कोणीही कोणाकडेही आलं तरी बेल वाजायची ती मगदूमअण्णांकडे. अण्णा दार उघडायचे. समोरचा माणूस "चौगुले इथंच राहतात ना?" असं विचारायचा, आणि अण्णा म्हणायचे, "राहतात की. या, बसा आधी." मग पाणी. मग गाव कुठलं, गावातला कोण कोणाचा पाव्हणा. मग चहा. माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पाऊण तास झालेला असायचा आणि वरच्यांचा चहा त्याला नको असायचा.

याचा त्रास सगळ्यांना झाला. आमच्या चेअरमन सुलोचना चौगुले, म्हणजे आठ नंबरच्या चौगुलेबाई, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुलीला बघायला कुरुंदवाडहून मंडळी आली तीही आधी एक नंबरमध्ये बसली. वर गेल्यावर त्यांनी पोह्यांना हात लावला नाही आणि मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. "खाली सगळं बोलणं झालंय, आम्हाला पसंत आहे," असं म्हणून ते तारीख काढायला लागले. मुलगी सुखात आहे, पण आपल्याला काहीच विचारलं गेलं नाही ही गोष्ट चौगुलेबाई अजून विसरलेल्या नाहीत.

म्हणून या वेळी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आवटी, आता बघणारी बेल हवी. समोर कोण उभं आहे ते तिनं बघायचं, कोणाकडे आलंय ते विचारायचं, आणि त्याच घरात वाजायचं. दुसरीकडे नाही."

मी जाहिरात दिली. दोन अर्ज आले. एक बॅटरीवर चालणाऱ्या व्हिडिओ बेलचा, एक वायरीवर चालणाऱ्या. दोघींचे कागद व्यवस्थित होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी तिसरा अर्ज आला. तो घेऊन मगदूमअण्णा स्वतः दोन जिने चढून आले. वय चौऱ्याऐंशी, गुडघे दोन्ही गेलेले. फूलस्केप कागद होता, डाव्या बाजूला रीतसर समास सोडलेला. विषय लिहिला होता : 'माझ्याकडे चुकून येणारी माणसे बंद न करणेबाबत.'

मी अर्ज वाचला. पुढं लिहिलं होतं : पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळूरला, तो दर रविवारी फोन करतो. माझ्याकडे म्हणून मुद्दाम येणारं आता कोणी उरलेलं नाही. जे येतात ते सगळे तुमचेच, चुकून येतात. तरी ते येत राहतील असे पाहावे, ही विनंती.

"अण्णा, हे कोणत्या नियमात बसवू?" मी विचारलं.

"ते तुमचं काम हो. मी आपला अर्ज दिला." ते खुर्चीत बसले आणि गुडघे चोळायला लागले. "काल गॅसवाला आला होता. त्याला म्हटलं, पोरीचं बाळंतपण कसं झालं. तर म्हणाला, झालं, मुलगी झाली. आता नवीन बेल त्याला सरळ तुमच्याकडे पाठवणार. तुम्ही विचारणार का त्याला?"

त्याला मुलगी होती हेच मला माहीत नव्हतं. मी अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली.

मुलाखती माझ्याच बैठकीच्या खोलीत झाल्या. निवड समितीत चौगुलेबाई, मी, आणि विषयतज्ज्ञ म्हणून सेवानिवृत्त बेल. तिला टेबलावर ठेवलं होतं. मगदूमअण्णांना बाधित सदस्य म्हणून बसू दिलं, मधे बोलायचं नाही या अटीवर.

वायरवाली पहिली आली. ती एकटी आली नव्हती, बरोबर ट्रान्सफॉर्मर होता. चौगुलेबाईंनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. वायरवाली ताठ होती, काचेवर बोटाचा एक ठसा नव्हता.

"झोप किती?" बाईंनी विचारलं.

"मी झोपत नाही. चोवीस तास बघते. फाटकापाशी माणूस वळला की मला कळतं."

"रजा?"

"नको."

"माणूस ओळखण्यात कधी चूक?"

"मी चुकत नाही."

"स्वतःमधला एखादा दोष सांगा," मी म्हणालो. हा प्रश्न आम्ही परिषदेतही विचारत असू.

तिनं जरा विचार केला. "मी चुकत नाही, हाच. काही घरांत त्याचं वाईट वाटून घेतात."

मग प्रात्यक्षिक झालं. आमच्या दारातून गॅसवाला, चौगुलेबाईंची मिरजेची बहीण आणि एक विमा एजंट असे आत आले. वायरवालीनं तिघांना बघितल्या बघितल्या पाच, आठ आणि तीन असे नंबर सांगितले. एजंट तीन नंबरकडे आलाय हे एजंटालाही तोपर्यंत नक्की ठरवता आलं नव्हतं. बाईंनी पूर्ण गुण दिले. कोपऱ्यात अण्णा मान खाली घालून बसले होते.

बॅटरीवाली एकटीच आली, हातात काही सामान नाही. पाठीला दोन स्क्रूंची जागा होती तेवढीच.

"मला तुमची भिंत, तुमची वायर, काही लागत नाही," ती म्हणाली. "कुठंही राहते. दोन महिन्यांतनं एकदा खाली काढायचं, चार्जिंगला लावायचं, परत अडकवायचं. बास."

"झोप?" बाईंनी विचारलं.

"एरवी झोपते. माणूस दिसलं की उठते."

"झोपलेल्या बेलला माणूस दिसेल कसं?"

"अर्धी झोपते."

बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. मी दोषाचा प्रश्न विचारला. बॅटरीवालीनं आढेवेढे घेतले नाहीत.

"फुल चार्जिंग असलं की मी ठीक आहे. पंधरा टक्क्यांच्या खाली गेले की माझे डोळे मिटायला लागतात. मग माणसं नीट ओळखू येत नाहीत. विचारायचंही जिवावर येतं. जे दार सगळ्यात जवळ, तिथं पाठवून देते."

"या इमारतीत सगळ्यात जवळचं दार कुठलं?" मी विचारलं.

"येताना बघितलं की मी. एक नंबर."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तेवढ्यात टेबलावरून सेवानिवृत्त बेल घरघरली, "मला एक विचारायचंय. गेली तीस वर्षं मी एकदाही बरोबर ठिकाणी वाजले नाही. माझ्याविरुद्ध लेखी तक्रार किती?"

मी सेवापुस्तक उघडलं. लेखी तक्रार एकही नव्हती. हे मी वाचून दाखवलं, आणि बाई म्हणाल्या की तज्ज्ञांनी फक्त विचारल्यावर बोलावं.

वायरवालीला ब्याण्णव गुण पडले, बॅटरीवालीला चोपन्न. याच्यात मतभेदाला जागाच नव्हती. वायरवालीचा नेमणूक आदेश मी त्याच दुपारी टाइप केला आणि बॅटरीवालीला प्रतीक्षा यादीत ठेवलं. आदेशात नेहमीचं कलम होतं : सात दिवसांच्या आत रुजू व्हावे, अन्यथा नेमणूक आपोआप रद्द होऊन प्रतीक्षा यादीतील उमेदवारास संधी देण्यात येईल. अण्णांच्या अर्जावर मी 'नियमात तरतूद नाही' असा शेरा मारला. अण्णांनी तो चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि "बरं" म्हणाले.

वायरवालीला बसवायला खाजासाब मुजावर आले. ते वायरमन, मिरजेचे, आमच्या इमारतीच्या भिंतींना नावानं ओळखतात. त्यांनी दाराशेजारची भिंत बोटांनी वाजवली, कान लावला आणि उठून हात झटकले.

"बाईसाहेबांना किती लागतंय?" त्यांनी विचारलं.

"चोवीस व्होल्ट. अखंड," वायरवाली म्हणाली.

"ही भिंत अठरा इंची आहे, आणि आतली वायर इमारतीच्याच वयाची. तिच्यातनं चोवीस निघाले तरी पोचायचे नाहीत. वाटेत बसतील कुठंतरी."

"मला बसलेले चालणार नाहीत."

"मग नवीन ओढतो की. पंधरा दिवस लागतील. भिंत जपून फोडावी लागणार."

वायरवालीनं तिथल्या तिथं रुजू होण्याची मुदत पंधरा दिवसांनी वाढवून मिळावी असा अर्ज केला. अर्ज नमुनेदार होता, एकही खाडाखोड नाही. नियमाप्रमाणे मुदतवाढ सचिवाच्या सहीनं मिळते. सही सातव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत व्हावी लागते. मी म्हणालो, "बघतो."

ते सात दिवस इमारतीला बेलच नव्हती. आलेली माणसं रस्त्यावरून हाका मारायची, वरून कोणीतरी डोकवायचं, हातरुमालात बांधून किल्ली खाली टाकायचं. माणसं दार उघडून थेट जिना चढायची. सगळी बरोबर ठिकाणी, वेळेवर पोचायची. चौगुलेबाई खूश होत्या.

मी रोज सकाळी दुधाला खाली जातो. पहिले दोन दिवस अण्णांचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी ते सताड उघडं होतं आणि अण्णा आत टेबलापाशी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पाचव्या दिवशी खुर्ची दारात आली होती. जिन्यावरून कोणी गेलं की ते मान वर करायचे, आणि जाणारा "नमस्कार" म्हणून वर जायचा. सहाव्या दिवशी मी आत डोकावलो. शेगडीवर चहाचं छोटं भांडं होतं, एका कपाचं. मोठं भांडं घासून पालथं घातलेलं होतं. मला फार वाईट वाटलं. हे मी इथं नोंदवतो, कारण त्या वेळी कुठं नोंदवायची सोय नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी मी वायरवालीचा अर्ज समोर घेऊन बसलो. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर एकही कागद मुदतीबाहेर गेलेला नाही. त्याबद्दल मला एकदा प्रशस्तिपत्रक मिळालेलं आहे, ते भिंतीवर आहे. साडेचार वाजले. पावणेपाच वाजले.

"सही करताय ना?" आमच्या सौ. विमलनं आतून विचारलं.

"पेन सापडत नाही."

ती दारापर्यंत आली. माझ्या सदऱ्याच्या खिशात तीन पेनं होती. तिनं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "असू दे. आधी चहा घ्या." मग ती चहा करायला गेली. चहा पाच वाजून पाच मिनिटांनी आला, आणि तो मी आयुष्यात प्यायलेल्यांपैकी सगळ्यात चांगला चहा होता.

नेमणूक रद्द झाल्याचं वायरवालीला मी सांगायच्या आधीच कळलं होतं. तिनं आक्षेप घेतला नाही. "पाच वाजून एक मिनिटानंच मला कळलं," एवढंच म्हणाली, आणि ट्रान्सफॉर्मरला घेऊन गेली. आता ती विश्रामबागेतल्या एका नव्या अकरा मजली इमारतीत आहे. तिथं सगळे बरोबर ठिकाणी जातात असं ऐकतो.

बॅटरीवाली दुसऱ्या दिवशी दोन स्क्रूंवर रुजू झाली. चौगुलेबाईंनी तिला पूर्ण चार्ज करून घेतलं आणि स्वतः फाटकापाशी उभ्या राहिल्या. पहिले सात आठवडे एकही माणूस चुकला नाही. अण्णांनी खुर्ची दारातून आत घेतली.

आठव्या आठवड्यात चार्जिंगचा प्रश्न आला. बेल रोजच्या रोज कोणी बघायची, कोणी खाली काढायची, यासाठी बैठक झाली. तीन नंबरचे म्हणाले त्यांना वेळ नाही. सहा नंबरचे म्हणाले त्यांच्याकडे प्लग नाही. चौगुलेबाईंना तीन जिने होते. मी सुचवलं की दाराला सगळ्यात जवळचा प्लग एक नंबरमध्ये आहे, आणि मगदूमअण्णा दिवसभर घरी असतात.

"अण्णा, नियमितपणे कराल ना?" बाईंनी विचारलं. "विसरून चालणार नाही."

"विसरेन कसा?" अण्णा म्हणाले. "अगदी नेमानं करतो."

ठराव एकमतानं मंजूर झाला. आणि हे मी सचिव म्हणून लिहून देतो, की अण्णांइतकं नेमानं ते काम दुसऱ्या कोणी केलं नसतं. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अंघोळ, देवदर्शन उरकून ते बेल खाली काढतात. टेबलावर जाड कापड घालून तिला त्याच्यावर ठेवतात आणि चार्जिंगला लावतात. समोर खुर्ची घेऊन बसतात, डोळे आकड्यावर. सेवानिवृत्त बेल निवृत्तीनंतर त्यांच्याकडेच राहायला गेली आहे, शोकेसमध्ये वरच्या फळीवर. तिची नजर पहिल्यापासून नाही, पण अंदाज पक्का आहे. "अण्णा, झालं. काढा," ती म्हणते. अण्णा वायर काढतात. आकडा चौदा असतो. पंधराला त्यांनी आजवर एकदाही हात लावू दिलेला नाही.

मधे चौगुलेबाईंनी मला बेलच्या कामाचा अहवाल मागितला. मी लिहिलं : 'बेल पूर्वीप्रमाणेच कार्यरत आहे.' बाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग त्यांनी विचारलं की मिरजेच्या बहिणीला गेल्या रविवारी वर यायला पाऊण तास उशीर का झाला. मी म्हटलं, चौकशी करतो. त्या म्हणाल्या, "राहू दे. खाली तिनं अण्णांना आमच्या लहानपणचं सगळं सांगितलंय. मला कधी बोलली नव्हती. अण्णांकडून कळलं." आणि त्यांनी अहवालावर सही केली.

परवा संध्याकाळी मी बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन आलो. किल्ली खिशात होती. तरी मी बेल दाबली, तिची तपासणी करणं माझ्या कामातच येतं. काचेमागे बारीकसा दिवा लागला.

"कोण?" बॅटरीवालीनं जांभई देत विचारलं.

"आवटी. पाच नंबर. सचिव."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "एक नंबर," ती म्हणाली आणि आत बेल वाजली.

अण्णांनी दार उघडलं. "या की. बसा आधी." आत गॅसवाला होता, एजंट होता, आणि कोणाकडे आली होती ते स्वतःच विसरलेली एक बाई होती. शेगडीवर मोठं भांडं होतं. गॅसवाल्याची नात आता पालथी पडते असं कळलं. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे सहाच्या सुमाराला सगळ्यांच्या हातात एकेक भाकरी आली. मी वर पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते.

"एवढा वेळ?" विमलनं विचारलं.

"बेलनं एक नंबरला पाठवलं."

"तुम्हाला? तुम्हाला तर ती रोज बघते."

"चौदा टक्के आहेत."

विमलनं मेथी माझ्यापुढं निवडायला ठेवली, गॅस बारीक केला आणि पदर सारखा केला. लोणच्याची एक लहान बरणी घेतली आणि चपला घालून खाली गेली. मी गॅलरीत जाऊन पाहिलं. ती दारातून बाहेर पडली, फाटकापर्यंत चालत गेली, फाटकाबाहेर जाऊन वळली, आणि कुरुंदवाडहून पहिल्यांदाच आलेल्या पाहुणीसारखी इकडेतिकडे बघत परत आली. मग तिनं बेल दाबली.